मागची

डोंगर उघडायला आठ दिवस उरले होते. घरात डोली होती, दांडे होते, सात नंबरचा बिल्ला होता. नव्हता तो फक्त मागचा.

मागचा म्हणजे धाकटा दीर. बारा वर्षं त्याने थोरल्या भावाच्या जोडीने डोली वाहिली, आणि यंदा पावसामुळे अभयारण्य बंद असताना एक दिवस सांगून टाकलं की शहरात टेम्पोवर नोकरी लागलीय, उद्या निघतो. जाताना तो म्हाताऱ्या बापाच्या पाया पडला, वहिनीच्या पडला. भावाच्या पडायचं राहून गेलं, कारण भाऊ ऐन वेळी विहिरीवर निघून गेला आणि रिकामीच बादली घेऊन परत आला.

देव डोंगराच्या माथ्यावर, डोंगर जंगलात, आणि जंगल वनखात्याच्या ताब्यात. गाड्या नाक्यापर्यंतच. तिथून पुढे पायऱ्या, पायऱ्या संपल्या की मातीची वाट, मग पुन्हा पायऱ्या. ज्यांचे पाय साथ देत नाहीत ते डोलीत बसतात. दोन लांब वेळू, त्यांच्यामध्ये टांगलेली खुर्ची, एक जण पुढे, एक जण मागे, आणि दोघांच्याही दोन्ही खांद्यांवर दांडे. नाक्यावरचा नियम साधा होता. बिल्ला जोडीला मिळतो, एकट्याला नाही. पहिल्या दिवशी जोडी उभी राहिली नाही तर नंबर यादीतल्या पुढच्या जोडीकडे जातो, आणि गेलेला नंबर परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, चार दिवस गाव पालथं घातलं. धडधाकट होते ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या जोडीला बांधलेले. उरलेल्यांत एक एवढा ताडमाड की डोलीतला माणूस घरंगळून पुढच्याच्या मानेवर जाऊन बसला असता. दुसरा बरा होता, पण सकाळची तोंडं धुऊन होईपर्यंतच. त्यानंतर त्याला स्वतःलाच डोली लागायची.

पाचव्या दिवशी ती सुपात धान्य पाखडत होती. नवरा दारात बसून दांड्यांना तेल चोळत होता. नसलेल्या मागच्यासाठी चाललेलं ते तेल चोळणं तिला बघवेना.

"मागे मी धरते," ती म्हणाली.

नवरा हसला. मग तिच्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. तो पुन्हा तेल चोळायला लागला. सासरे मात्र हसले नव्हते. त्यांना सगळं गाव आबा म्हणत असे. आबांनी सारा जन्म मागे डोली वाहिली होती. गुडघे गेले, डोळे अधू झाले, तरी सवय गेली नव्हती. दुपारी डुलकी लागलेली असताना कुणी कानाशी "मागचा" असं म्हटलं तर झोपेतच "आहे" अशी ओ द्यायचे. घरातली पोरं या एका गोष्टीवर अख्खी सुट्टी काढत.

आबा भिंतीला धरून उठले आणि सुनेला म्हणाले, "ये, चौकटीला उभी राहा."

दाराच्या चौकटीवर विळ्याने कोरलेल्या रेघा होत्या. घरातल्या प्रत्येक डोलीवाल्याच्या खांद्याची उंची तिथे होती. आबांनी तिच्या खांद्यावर तळहात आडवा धरला आणि बोटांनी चौकट चाचपली. धाकट्याच्या रेघेपेक्षा तिचा खांदा एक बोट वर भरला.

"एवढं चालतं," आबा म्हणाले.

नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं. चढताना सगळं वजन मागच्यावर येतं, असं तो म्हणाला, मागे मी राहतो, तू पुढे हो. पण त्याच्या उजव्या खांद्याचं हाड दोन वर्षांपूर्वी सरकलेलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने दांडा पुन्हा मांडीवर घेतला. आपण एवढे धट्टेकट्टे, आणि बायकोला वजनाच्या बाजूला उभं करायचं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिला त्याची कीव आली, आणि थोडा रागही आला. सोळा वर्षं ती याच डोंगरावर दिव्याच्या तेलाचे डबे आणि साखरेची पोती डोक्यावरून नेत होती. तेव्हा कुणाच्या घशाला काही झालं नव्हतं.

मग आबांनी तिला हाताखाली घेतलं. खुर्चीत वाळूचं पोतं, पोत्यावर काठोकाठ भरलेला पितळी पेला, आणि अंगणात फेऱ्या. पुढच्याचा डावा पाय पडतो तेव्हा मागच्याचा उजवा पडायला हवा, नाहीतर डोली झुलते आणि डोलीतल्या माणसाच्या पोटातलं बाहेर येतं. पहिल्या दिवशी पेला अंगणाच्या टोकापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा पोचला. तिच्या खांद्यांची सालटं निघाली, तिने त्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवल्या आणि कुणाला दाखवल्या नाहीत.

आबांचा खरा जोर एका शब्दावर होता. टेकवा. मागच्याचा पाय घसरत असो, पुढच्याला भोवळ येत असो, नाहीतर बसलेल्या माणसाच्या छातीत दुखत असो, कुणीही "टेकवा" म्हटलं की दोघांनी त्याच क्षणी गुडघे वाकवायचे आणि खुर्चीचे पाय जमिनीला लावायचे. का, कशाला, ते नंतर विचारायचं. एकाने आधी वाकवलं आणि दुसऱ्याने नंतर, तर माणूस दगडावर आपटतो. आबा दिवसभर वेळीअवेळी ओरडत. ती चुलीपाशी असली तरी "टेकवा" ऐकताच तिचे गुडघे वाकत, आणि तिकडे गोठ्यात नवऱ्याचेही. एकदा तर दुधाचं भांडं हातात असताना ती मटकन खाली बसली आणि आबा इतके खूश झाले की दूध सांडल्याचं बोलायचं विसरले.

जंगल बंद असल्यामुळे वाटेवर सराव करता आला नाही. अंगण सपाट होतं. तिथे जे कळणार नव्हतं ते कळलं नाही.

*

डोंगर उघडला त्या दिवशी नाक्यावर जत्रेसारखी गर्दी होती. मुकादम वही घेऊन बसला होता. हा मुकादम वीस वर्षं आबांच्या पुढे डोली वाहिलेला. त्यामुळे सात नंबरला सवलत मिळेल असं ज्यांना वाटत होतं त्यांना मुकादम ठाऊक नव्हता. तिला बघून त्याने वही मिटली आणि अटी सांगितल्या. नवीन जोडी असल्यामुळे पहिली फेरी तो स्वतः मागून चालत बघणार. वाटेत पाच ओटे आहेत, टेकवायचं ते ओट्यांवरच. तिसऱ्या आणि चौथ्या ओट्याच्या मध्ये जनावरांची पाण्याला जायची वाट आहे, तिथे थांबायचं नाही, हा वनखात्याचा नियम, मोडला तर बिल्ला गेला. चारच्या आत खाली.

आता डोलीत बसायला माणूस हवा होता. एका गृहस्थांनी तिच्याकडे आणि स्वतःच्या पोटाकडे आळीपाळीने बघितलं आणि पुढची डोली धरली. एका बाईने नवऱ्याला विचारलं की दुसरा माणूस कधी येणार. नवरा म्हणाला, हीच. बाई म्हणाल्या, मग राहू दे. नवऱ्याचे कान लाल झाले. ती दांड्याचा दोर उगाचच सोडून पुन्हा बांधत राहिली.

शेवटी एक शिवणाच्या बाई उरल्या. सगळा जन्म मशिनीवर गेलेला, पाय सुजलेले. वजनकाट्यावर उभं राहताना त्यांनी पिशवी उतरवली, चपला काढल्या, चष्माही काढून मुकादमाच्या हातात दिला, आणि आकडा तरीही तेवढाच आल्यावर काट्यालाच दोष दिला. मग तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू उचलणार?"

"हो, आजी."

"माझी सासू नऊ वर्षं अंथरुणाला होती. मी एकटीच उचलत होते. तुम्ही तर दोघं आहात," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

दांडे खांद्यांवर आले. वाळूचं पोतं गप्प बसतं, माणूस हलतो, हे पहिल्या दहा पावलांत तिच्या ध्यानात आलं. आणि दुसरी गोष्ट वीस पावलांत आली. तिच्या डोळ्यांसमोर खुर्चीची पाठ, तिच्यावर आजींचा पांढरा अंबाडा, आणि बाकी काही नाही. पायांखाली काय आहे ते दिसत नव्हतं. पायऱ्यांवर पावसाचं शेवाळ होतं. मागच्याला दिसत नाही म्हणूनच पुढच्याने सांगायचं असतं. आधी "मागचा" अशी हाक, म्हणजे बसलेल्या माणसाला वाटत नाही की आपल्याला सांगतात, मग पायरी, वळण, मुळी, निसरडं, जे असेल ते. मागच्याने "आहे" म्हणायचं. आबांनी हे सांगितलं होतं. पण नवरा एक अक्षर बोलत नव्हता.

बारा वर्षं तो धाकट्याच्या पुढे चालला होता. धाकट्याला वाटेवरचा खडा न् खडा पाठ. त्यामुळे सांगायची सवयच मोडली होती. उतरताना धाकटा पुढे असे आणि त्याचं तोंड तर कधी मिटतच नसे.

तिसऱ्या वळणावर एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. तिचा अंगठा ठेचला, डोली गचकली, आजींनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"सात नंबर," मागून मुकादम म्हणाला, "पुढचा मुका आहे का?"

नवऱ्याच्या पाठीवरचा सदरा घामाने चिकटलेला होता. खुर्चीच्या कडेने तिला तेवढाच दिसत होता. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "पायरी." कुणाला म्हणाला ते झाडालाही कळलं नसतं. मग "वळण." पण तोवर वळण होऊन गेलेलं.

आणि तेव्हा तिला उमगलं. सवय मोडली हे खरं, पण अडलंय दुसरीकडेच. तिला हाक मारायला त्याच्याकडे शब्दच नव्हता. घरात तो तिला "अगं" म्हणायचा, चारचौघांत "ऐकलं का" म्हणायचा. मागचा म्हणावं तर ती बाई. मागची म्हणावं तर वाट चढणारी चार माणसं वळून बघतील, आणि सात नंबरची मागची बाजू बायको धरतेय हे त्याच्या स्वतःच्या तोंडून जगजाहीर होईल. तिचा जीव मुठीत आणि याचा शब्द घशात. असा संताप आला की डोली खाली ठेवून घरी जावं. पण खांद्यांवर माणूस होता.

मग तिने डोळे मिटले, क्षणभरच. डोक्यावर डबा असतानाही पायांकडे कुठे बघता येत होतं? मान ताठ ठेवून, तळव्यांनी दगड चाचपत ती सोळा वर्षं इथून चढली होती. ही वाट तिने डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती म्हणा ना. चपला तिने पहिल्या ओट्यावर काढून आजींच्या पिशवीत टाकल्या. अनवाणी पायांना हळूहळू ओळख पटत गेली. इथे दोन फुटक्या पायऱ्या, इथे पाण्याचा ओघळ, इथे मुळी. दुसरा ओटा आला. तिसरा आला. नवरा अधूनमधून हवेला उद्देशून काहीबाही सांगत होता.

तिसऱ्या ओट्यानंतर पायऱ्या संपून मातीचा चढ लागला. दोन्ही बाजूंनी कारवीच्या झुडपांची गर्दी, ओल्या पानांचा वास, आणि कुठेतरी आत पाण्याचा आवाज. इथे सगळेच गप्प होतात. पोटरीवर काहीतरी थंड चिकटलं. जळू. हात दांड्यांवर होते, काढणार कशी? तिला पिऊ दे, असं मनात म्हणून ती चालत राहिली.

वाट डावीकडे वळली आणि झाडांच्या फटीतून देवळाचा कळस दिसला. आजी चाळीस वर्षांनी येत होत्या. त्यांना राहवलं नाही.

"अगं बाई, कळस. डोकं टेकवा, डोकं टेकवा."

त्यांना म्हणायचं होतं, देवाला नमस्कार करा. पण शब्द पडला तो पडला. तिचे गुडघे वाकले, खुर्चीचे पाय मातीला लागले, आणि आपण काय केलं हे तिला कळलं तेव्हा डोली जनावरांच्या वाटेच्या ऐन मध्यावर उभी होती.

नवऱ्याने वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुकादम दहा पावलं मागे थांबला होता. कुणी काही बोलणार एवढ्यात उजवीकडची कारवी हलली आणि एक गवीण, गव्याची मादी, बाहेर आली. काळीभोर, गुडघ्यापासून खाली पांढरी, आणि तिच्या पोटाशी घासत चाललेलं तांबूस वासरू. गवीण वाटेवर थांबली आणि त्यांच्याकडे बघायला लागली. मधे पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल.

नवऱ्याने फक्त तळहात खाली दाबला. हलू नका. दांड्यांमध्ये उकिडवी बसलेली ती, पुढे तो, मध्ये आजी. आजींनी खरोखरच हात जोडले होते आणि डोकं झुकवलं होतं. देवळाकडे की गविणीकडे, ते त्यांनाच माहीत. वासराने दोनदा वाट हुंगली. जळू पोटरीवरून गुडघ्याच्या खोबणीत सरकली. तिला वाटलं, बिल्ला तर गेलाच, आता निदान आजींना काही होऊ नये. मग गविणीने जोरात श्वास सोडला, वासराला ढुशी दिली, आणि दोघं पाण्याच्या आवाजाकडे उतरून गेली. कारवी हलायची थांबली तरी बराच वेळ कुणी हललं नाही.

आता उचलायचं. ओटा कमरेएवढा असतो, तिथून दांडे आपसूक खांद्यांवर येतात. इथे जमीन होती, तीही चढाची, आणि आजींचं सगळं वजन खालच्या बाजूला. नवऱ्याने दांड्यांखाली खांदे घातले. तो थांबला. घसा खाकरला. आणि मग जंगलात शोभणार नाही इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाला, "मागची."

सोळा वर्षांत त्याने तिला असं कधी पुकारलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली.

"उचल."

मांड्या थरथरल्या, दात आवळले गेले, आणि डोली उठली. त्यानंतर तो थांबला नाही. मागची, मुळी. मागची, डावा पाय उंच. मागची, पुढे चिखल. एवढं सांगत होता की आजी म्हणाल्या, आता याला कुणीतरी गप्प करा. समोरून उतरणारी माणसं वळून बघत होती. त्याचा आवाज काही खाली आला नाही.

*

माथ्यावर पोचल्यावर आजी देवळात गेल्या. ती पायरीवर बसली आणि पाय पोटाशी घ्यायला लागली, तेव्हा नवऱ्याला पोटरीवरून ओघळलेलं रक्त दिसलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. कनवटीची मिठाची पुरचुंडी सोडून त्याने चिमूटभर मीठ जळवेवर टाकलं आणि ती गळून पडल्यावर अंगठ्याने जखम दाबून धरली. येणारेजाणारे बघत होते. देवाच्या दारात नवरा बायकोचा पाय धरून बसलाय. ती म्हणाली, सोडा. तो म्हणाला, रक्त थांबू दे.

मुकादम जवळ येऊन उभा राहिला. नवरा उठून हात जोडायला लागला, आमची चूक झाली, आजी देवाला म्हणत होत्या आणि आम्हाला वाटलं, असं काहीबाही सांगायला लागला. मुकादमाने हात वर करून त्याला थांबवलं.

"आधी कुणी टेकवलं? तू की हिने?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही सांगता येईना.

"मी मागून बघत होतो," मुकादम म्हणाला. "आधी कुणीच नाही. चढावर टेकवलं, तरी वर पेला असता तर सांडला नसता. शब्द ऐकून टेकवणाऱ्याला मी दोष देत नाही, आणि तसं वनखात्यालाही सांगेन. पण अजून उतरायचंय."

उतरताना डोली फिरवत नाहीत. बसलेल्याला खोल उतार दिसून भोवळ येऊ नये म्हणून त्याचं तोंड डोंगराकडेच राहतं. फिरतात ते वाहणारे. म्हणजे चढताना जो मागे, तो उतरताना पुढे. दांड्यांमध्ये उभी राहून ती वळली तेव्हा तिच्यासमोर खुर्ची नव्हती, अंबाडा नव्हता. सगळी वाट, सगळं जंगल आणि खाली नाक्याचे पत्रे, एवढं सगळं एकदम समोर होतं. आणि तिच्या पाठीमागे तो. आता त्याला काही दिसत नव्हतं.

पहिली पायरी उंच होती. सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिच्याच घशात शब्द अडकला. त्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. "अहो" म्हटलं तर वाटेवरचे सगळे अहो वळून बघतील. आपण सकाळी याच्यावर किती चिडलो होतो, हे आठवून तिला लाज वाटली.

"मागचा," ती म्हणाली. "पायरी, उंच."

मागे त्याचं पाऊल चाचपत पायरीवर उतरलं.

"आहे," नवरा म्हणाला. आवाजात हसू होतं.

मग वाट सोपी झाली. वजन तिच्याच खांद्यांवर होतं, पण सांगताना ते विसरायला होई. गविणीच्या वाटेवरून ते न थांबता गेले. शेवटच्या ओट्यावर दम घेताना मुकादम त्यांना ओलांडून पुढे निघाला.

"मी होतो पुढे," तो म्हणाला. "वहीत लिहायचंय. छापील रकाना 'मागचा' असा आहे. काना खोडून वेलांटी द्यावी लागेल, त्याला वेळ लागतो."

एवढं बोलून तो तुरुतुरु उतरून गेला. दांडे खांद्यांवर घेताना नवऱ्याने एक लांब श्वास सोडला आणि तो तिला पुढे ऐकू आला. आजी म्हणाल्या, मला पिशवीतला तुम्हा दोघांचा प्रसाद काढता येत नाहीये, खाली गेल्यावर आठवण करा, आणि हिच्या चपलाही आहेत त्यात.

नाका दिसायला लागला. तिथल्या ओट्यावर आबा सकाळपासून बसून होते. काठी मांड्यांवर आडवी, डोळे मिटलेले. जागे होते की डुलकी लागली होती, कळत नव्हतं.

"मागचा," तिने हाक दिली, "शेवटच्या तीन पायऱ्या."

"आहे," नवरा म्हणाला.

"आहे," खालून आबाही म्हणाले, आणि डोळे न उघडताच दोन्ही हात खांद्यांपर्यंत नेऊन अर्धवट उभे राहिले.

तिला हसू फुटलं. पण खांद्यांवर माणूस असताना हसायचं नसतं, म्हणून तिने ते तीन पायऱ्यांपुरतं आवरून धरलं.